तीन घंगाळांची बैठक

माझ्या दादाला जुन्या ग्रीक भांड्यांचं वेड लागलं ते त्याच्या मुलीमुळे. ती तेव्हा सहा वर्षांची होती. शाळेला सुट्टी होती आणि बाहेर वारा इतका की सायकल उभी राहीना, म्हणून तो तिला लायडन या डच गावातल्या एका म्युझियममध्ये घेऊन गेला. तिला ममी बघायच्या होत्या. त्या बघून झाल्यावर ती दमली आणि शेजारच्या दालनातल्या बाकावर चक्क झोपली. ती उठेपर्यंत दादा समोरच्या काचेच्या कपाटाकडे बघत बसला. कपाटात अडीच हजार वर्षांपूर्वीचे वाइनचे पेले होते.

त्या संध्याकाळी त्याने मला फोन केला आणि पाऊण तास फक्त त्या पेल्यांबद्दल बोलला. केशरी माती आणि काळी चित्रं, किंवा त्याच्या उलट. पण काळा असा वेगळा रंग त्यात नसतोच म्हणे. तीच माती पाण्यात गाळून गाळून साईसारखी करायची, तिने चित्र काढायचं, आणि भट्टीत हवा कधी सोडायची, कधी कोंडायची यावर काय काळं पडेल आणि काय लाल राहील ते ठरतं. मी भाजी चिरत हं हं करत होते. दादा लहानपणापासून असाच. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की घरातल्या सगळ्यांना ती पाठ व्हायची.

तो ब्रेडाला राहायचा, एका लॉजिस्टिक्स कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. मी आणि माझा नवरा हूफडॉर्पला. ट्रेनने तासाभराचं अंतर. परदेशात सख्खा भाऊ तासाभरावर असणं म्हणजे काय, ते ज्यांना नाही त्यांना विचारावं. सहा वर्षांनी मोठा असल्यामुळे तो मला अजून रस्ता क्रॉस करताना हात धरायचा आणि मीही धरू द्यायचे.

पुढच्या महिन्यात त्याने हौशी लोकांच्या मातीकामाच्या वर्गात नाव घातलं. मंगळवारी ऑफिसातून परस्पर तिकडे. तिथे विजेची भट्टी होती, त्यामुळे ती जुनी करामत जमत नव्हती. तो तयार ग्लेझ वापरायचा आणि त्याची खंत करायचा. दोन वर्षांत त्याने आठ पेले केले. पसरट, उथळ, खाली बारीक पाय आणि दोन बाजूंना दोन कान. त्यांचं ग्रीक नाव माझ्या जिभेवर बसेना, तेव्हा तो म्हणाला, परळ म्हण, आपल्याकडच्या पसरट मातीच्या ताटलीसारखा. मग वाइनमध्ये पाणी मिसळायचं मोठं भांडं केलं, त्याला वहिनीने घंगाळ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. घंगाळाच्या पोटावर त्याने वहिनीला काढलं होतं, पुढे लाकडी पेटी असलेल्या सायकलवर, पेटीत मुलगी बसलेली. वहिनीचं नाक जरा लांब झालं होतं. त्यावरून तिने त्याला आठवडाभर छळलं.

कोरोनाच्या आधीच्या हिवाळ्यात त्याने पहिली बैठक केली. आम्ही दोघं, आर्नहेमचा त्याचा एक मित्र आणि आइंडहोवनचं एक जोडपं. सोफा भिंतीला सरकवून जमिनीवर गाद्या आणि लोड टाकले होते. डाव्या कोपरावर रेलून बसायचं, उजवा हात पेल्यासाठी मोकळा. ग्रीक लोक प्रत्येक बैठकीला एक राजा निवडायचे आणि वाइनमध्ये पाणी किती हे तोच ठरवायचा. दादा अर्थातच स्वतः राजा झाला. एक भाग वाइन, तीन भाग पाणी. नुसती वाइन पिणं हे त्या लोकांना रानटीपणाचं वाटायचं, हे त्याने दोनदा सांगितलं. आधी चार थेंब देवाच्या नावाने सांडायचे, आपल्या चित्राहुतीसारखे. गालिचा घरमालकाचा होता म्हणून ते बशीत सांडले. मग पेला उजवीकडे फिरत जाणार, आणि हातात डहाळी देऊन गाणं, एकाने सोडलं की पुढच्याने उचलायचं. या आमच्या भेंड्याच की, असं आर्नहेमचा मित्र म्हणाला आणि मग पुढचा तासभर भेंड्याच झाल्या. सगळ्यात महत्त्वाचा नियम शेवटचा. शहाणा यजमान तीनच घंगाळं करतो. तिसरं संपलं की पाहुण्यांनी उठून घरी जायचं.

वहिनी पीत नव्हती. तिच्या परळात कोकम सरबत होतं. ग्रीक बैठकीत तळाशी उरलेले थेंब पेल्याचा कान बोटात अडकवून झटक्याने निशाणावर उडवायचा खेळ असायचा. दादाने काठीवर स्टीलची ताटली तोलून ठेवली. आमच्यापैकी कुणालाच ते जमेना, भिंतीवर मात्र नक्षी झाली. शेवटी माझ्या भाचीने कोकमाचे थेंब उडवून ताटली पाडली आणि दादाने तिला उचलून घरभर मिरवलं.

त्याच संध्याकाळी त्याने आम्हाला पुस्तकातला एक फोटो दाखवला. अशा एका पेल्याच्या आत, अगदी तळाशी चित्र होतं, वाइन संपल्यावरच दिसणारं. एक तरुण वाकून ओकतोय आणि एक बाई त्याचं कपाळ धरून उभी आहे. दादा म्हणाला, घरच्या बायकांना बैठकीत प्रवेश नसायचा, या बायका भाड्याने आणलेल्या, गाणाऱ्या, बासरी वाजवणाऱ्या. वहिनीने चित्र नीट पाहिलं.

"म्हणजे बसायला बाई नको, पण कपाळ धरायला हवी," ती म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. दादा सगळ्यांत जास्त.

दादा दारुडा नव्हता. हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की आता मलाच ते सारवासारव केल्यासारखं वाटतं. पण नव्हता. त्याला ती भांडी आवडायची, नियम आवडायचे, माणसं गोल करून बसलेली आवडायची. वाइन त्या सगळ्यासाठी लागायची, इतकंच.

फेब्रुवारीत वहिनीच्या वडिलांना पुण्यात अर्धांगवायूचा झटका आला. ती एकुलती एक आणि आई आधीच गेलेली. मुलीला घेऊन ती तीन आठवड्यांसाठी गेली. मग विमानं बंद झाली. पुढे ती सुरू झाली तेव्हा वडील अंथरुणाला खिळलेले होते आणि कोरोनामुळे घरात यायला माणूस मिळत नव्हता. काही महिने भाची पुण्यातून इथल्या शाळेचे वर्ग करत राहिली. मग वहिनीने तिला तिथल्या शाळेत घातलं. दादा दिवाळीला जाणार होता. निघायच्या चार दिवस आधी त्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि तेही राहिलं.

ऑनलाइन बैठक दादानेच सुरू केली. दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला. आपापल्या घरात एकेक भांडं घ्यायचं, पाणी मोजून घालायचं, राजा सांगेल तेव्हाच ओतायचं. लॅपटॉपच्या चौकोनात त्याच्यामागे ते घंगाळ दिसायचं. घरातून काम करून करून आम्ही सगळे कंटाळलेलो होतो, शुक्रवारची वाट बघायचो. तिसरं संपलं की तो म्हणायचा, चला, उठा, घरी जा. आम्ही घरातच बसलेले असायचो, त्यामुळे दर वेळी हशा व्हायचा. मग एकेक चौकोन बंद व्हायचा. त्याचा सगळ्यांत शेवटी.

कोरोनात त्याची चव आणि वास दोन्ही गेले होते. डिसेंबरात एका बैठकीत मी सहज विचारलं, आता तरी येतंय का काही? तो म्हणाला, काहीच नाही, वाइन काय आणि पाणी काय, सारखंच. मी म्हटलं, मग पितोस कशाला? त्याने आर्नहेमच्या मित्राला गाणं म्हणायला सांगितलं. मला तेव्हा काहीतरी टोचलं, पण मी ते सोडून दिलं.

संक्रांतीला मी तिळाच्या वड्या घेऊन न सांगता ब्रेडाला गेले. सकाळचे अकरा वाजले असतील. त्याने दार उघडलं तेव्हा अंगात दोन दिवसांचे कपडे होते. बोळातून आत जाताना भिंतीला लागून बाटल्याच बाटल्या होत्या, उभ्या, ओळीने. काचा टाकायचा डबा, इथे ग्लासबाक म्हणतात, तो कोपऱ्यावरच होता. पण बाटली आत पडली की आवाज होतो आणि शेजारी ऐकतात, म्हणून त्याने त्या घरातच ठेवल्या होत्या. टेबलावर घंगाळ होतं. मी त्यात बोट बुडवून चाखलं. पाण्याचा थेंब नव्हता.

मी रडले नाही. त्याच्या सायकलच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत बाटल्या भरल्या आणि चार फेऱ्या केल्या. परत आले तेव्हा तो आंघोळ करून बसला होता. त्याने वडी उचलली, पण तोंडात घातली नाही.

"तिला सांगू नकोस," तो म्हणाला. "तिथे बाबांचं सगळं ती एकटी करतेय. हे कळलं तर ती ना तिथली राहील ना इथली. मी थांबवतो. मला थोडे दिवस दे."

मी म्हटलं, नाही सांगणार, पण डॉक्टरकडे जायचं. तो कबूल झाला. दादाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं. एरवी मागणारी मीच असायचे. त्या वेळी मला भीती वाटली होतीच, पण खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला होता.

दादाचा हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, त्याच्याशी फोनवर बोलणं झालं. एकदम बंद केली तर धोका आहे, असं सांगून त्याने गोळ्या दिल्या आणि व्यसनमुक्तीच्या केंद्राला चिठ्ठी दिली. संपर्कासाठी कुणाचं नाव द्यायचं असं विचारल्यावर दादाने माझं दिलं. शुक्रवारच्या बैठका बंद झाल्या. मित्रांना सांगितलं, कामाचा ताण आहे. मी रोज दोनदा फोन करायचे आणि तीन आठवडे तो खरंच कोरडा राहिला. एकदा त्याने स्वतः वरणभात लावला आणि फोटो पाठवला. मला वाटलं, निभावलं.

मार्चमध्ये त्याचा आवाज बदलला. शब्द नीट, पण मधली जागा लांब. मी विचारलं की तो चिडायचा. केंद्राच्या दोन भेटी त्याने चुकवल्या, ते मला तिथून फोन आला तेव्हा कळलं. मी दर शनिवारी जाऊन बाटल्या शोधायचे, घरातल्या चोरासारखी. एकदा त्याने मला वॉशिंग मशीनमध्ये हात घालताना पाहिलं आणि निमूटपणे दुसऱ्या खोलीत गेला. त्याहून त्याने मला हाकललं असतं तर बरं झालं असतं.

त्याच महिन्याच्या शेवटी वहिनीचे वडील गेले. मी तिला फोन लावला तो दोन गोष्टींसाठी, एक सांत्वनाची आणि एक दादाच्या पिण्याची. पुण्यात तेव्हा दुसरी लाट चढत होती. ती म्हणाली, दिवसभर अॅम्ब्युलन्सचे आवाज येतात, खिडक्या लावून बसतो. मग म्हणाली, "आता एवढं घर आवरते आणि एप्रिलअखेर येतेच. तो कंटाळलाय गं एकटा. तू आहेस म्हणून मी इथे निवांत राहू शकले." मी दुसरी गोष्ट काढलीच नाही. मला वाटलं, महिन्याभराचा प्रश्न आहे, ती येईल आणि डोळ्यांनी बघेल, मला सांगावं लागणारच नाही. तिने तिकिटं काढली. निघायच्या आठवड्यात इथल्या सरकारने भारतातून येणारी विमानं थांबवली.

मे महिन्यात एका दुपारी दादाचा फोन आला. जरा येतेस का, इतकंच म्हणाला. त्याच्या आवाजावरून मी त्याच्या भागातल्या अॅम्ब्युलन्सला फोन लावला आणि मग स्टेशनकडे पळाले. हॉस्पिटलात रोज एकालाच भेटायची परवानगी होती, ती मी घेतली. पोटात रक्तस्राव होत होता आणि लिव्हर गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला उलटी आली तेव्हा नर्स यायच्या आधी मी एका हाताने भांडं धरलं आणि दुसऱ्या हाताने त्याचं कपाळ. कपाळ थंड आणि ओलं होतं. लहानपणी माझं तो असंच धरायचा, बस लागली की. मला पुस्तकातला तो फोटोही आठवला आणि वहिनीचं बोलणंही. मी ते झटकून टाकलं.

डॉक्टर व्हिडिओवर वहिनीशी इंग्रजीत बोलले. तिने विचारलं, हे कशाने झालं? त्यांनी सरळ सांगितलं. फोन माझ्या हातात होता. तिने त्यांचे आभार मानले. मग मला म्हणाली, "आपल्याला दोघींनाही कळलं नाही गं." मी तिच्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. आदल्या दुपारी शुद्धीत होता. मुलीची परीक्षा झाली का ते विचारलं, ब्लँकेट पायांवर ओढायला सांगितलं. मग म्हणाला, "तिला मला असं बघू देऊ नकोस." मी हो म्हटलं. त्याला मी नेहमी हो म्हणत आले होते.

अंत्यसंस्काराला खुर्च्या लांब लांब मांडलेल्या होत्या. आर्नहेमचा मित्र मागच्या रांगेत एकटा बसून रडत होता आणि कुणी उठून त्याला धरू शकत नव्हतं. वहिनी आणि भाचीने सगळं पुण्याहून फोनवर बघितलं. मधे एकदा चित्र अडकलं होतं, असं भाचीने नंतर सांगितलं. तिच्या बाबांना नेलं तो भाग तिला दिसलाच नाही.

जुलैत त्या दोघी आल्या. घर रिकामं करून द्यायचं होतं. मी सुट्टी घेऊन तिथेच राहिले. दिवसा आम्ही खोकी भरायचो आणि संध्याकाळी वहिनी खिचडी लावायची. ती मला सारखी जपत होती. तू खाल्लंस का, तू जरा पड, तू त्याच्याबरोबर होतीस, तुला जास्त त्रास झालाय. चार दिवस मी हे ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी ती टपालाचा गठ्ठा चाळत होती. डच भाषेची परीक्षा तिने चिकाटीने दिली होती, ती हळूहळू पण नीट वाचायची. एक पत्र तिने दोनदा वाचलं. व्यसनमुक्तीच्या केंद्राचं. वर जानेवारीची तारीख आणि खाली संपर्काच्या जागी माझं नाव.

"तुला जानेवारीपासून माहीत होतं?"

"हो."

"आणि मी रोज त्याला विचारत होते, जेवलास का."

मी सगळं सांगितलं. संक्रांत, बाटल्या, शपथ घातल्यासारखं त्याचं बोलणं, तिच्या वडिलांचं आजारपण. तिने मधे तोडलं नाही. सांगता सांगता मलाच ऐकू येत होतं की माझ्या प्रत्येक वाक्यात तिची काळजी आहे आणि ती स्वतः कुठेच नाही.

"तू सांगितलं असतंस तर मी बाबांना कुठेतरी ठेवून आले असते," ती म्हणाली. "किंवा नसते आले. पण ते माझं मी ठरवलं असतं. तुम्ही दोघा भावंडांनी मिळून मला दाराबाहेर ठेवलं."

मी म्हटलं, चुकलं माझं. तिने पत्राची घडी घातली. थोड्या वेळाने तिने विचारलं, शेवटी तो काही म्हणाला का. या वेळी मी खरं सांगितलं. तिने ते ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे शेवटपर्यंत तेच." मग ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

पेले आणि घंगाळ तिने मातीकामाच्या वर्गाला देऊन टाकलं. एक परळ भाचीने मागून घेतला. मी काही मागितलं नाही. त्या पुण्याला परत निघाल्या तेव्हा स्किफोल विमानतळावर मी त्यांना सोडायला गेले. भाची माझ्या गळ्यात पडली आणि इंग्रजीत विचारलं, आत्या, तू पुण्याला येशील ना? मी म्हटलं, येईन. वहिनीने सामानाच्या ट्रॉलीवरचा हात काढला नाही.

पुढच्या वर्षी सगळं मोकळं झाल्यावर मी गेले. वहिनीने माझ्या आवडीचं केलं होतं, वांग्याचं भरीत, भाकरी, ताक. भाची शाळेतल्या गोष्टी सांगत होती, अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या इंग्रजीत, आणि तिची हनुवटी थेट दादासारखी झाली होती. मी तिच्याकडे बघत राहिले होते. वहिनी भाताचं भांडं माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "तुम्ही वाढून घ्या हं. संकोच करू नका."

बारा वर्षांत ती मला तू सोडून काही म्हणाली नव्हती. भाचीने मान वर करून आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भात वाढून घेतला आणि तिला विचारलं, मग पुढे काय झालं शाळेत?